उत्पादन खर्चावर भाव मिळाला, पाटबंधारे खात्याला

(धाड येथील मेळाव्यात केलेले भाषण)



चाळीस वर्षांहून अधिक काळ आपण एकच मागणी करतो आहोत. मालाला उत्पादन खर्चावर आधारित भाव मिळाला पाहिजे. रस्त्यावर बसलो, रेल्वे अडवली, तुरुंगात गेलो. ही मागणी अर्थशास्त्रात बसत नाही असे मोठमोठे विद्वान आपल्याला सांगत राहिले. आणि २००५ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ती मान्य करून टाकली. फक्त ती आपल्या कापसासाठी केली नाही, हरभऱ्यासाठी केली नाही. पाटबंधारे खात्याच्या पाण्यासाठी केली.

त्या कायद्याचे नाव महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा. त्यात लिहिले आहे की पाण्याचा दर असा असावा की प्रकल्पाच्या व्यवस्थापनाचा, प्रशासनाचा आणि देखभाल-दुरुस्तीचा पूर्ण खर्च वसूल व्हावा. धरण बांधल्याचा भांडवली खर्च त्यात धरलेला नाही, हे मान्य करू. पण बाकी सगळा खर्च पूर्ण. 'पूर्ण' हा शब्द कायद्यात आहे, माझ्या पदरचा नाही.

आता आपल्या बाजूला काय आहे ते पाहा. आपला भाव कृषिमूल्य आयोग सुचवतो. १९६५ पासून सुचवतो आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाचा गाजावाजा झाला, पण ती दीडपट काढताना स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज वगळले. एवढे करून जाहीर झालेल्या भावाने व्यापाऱ्याने माल घेतलाच पाहिजे असे बंधन नाही. पाणीपट्टीचे तसे नाही. ती थकली तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. आपला हमीभाव वर्तमानपत्रात छापून येतो, त्यांचा हमीभाव थेट सात-बाऱ्यावर चढतो.

एकाधिकार म्हणजे काय ते विदर्भातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. १९७२ पासून तीस वर्षे आपण कापसाची एकाधिकार खरेदी भोगली. घेणारा एकच, त्यामुळे तो देईल तो भाव. पाण्याच्या बाबतीत उलटे आहे, विकणारा एकच. कालव्याच्या चारीवर दुसरा दुकानदार येऊन बसू शकत नाही. एकाच वावराला दोन धरणांचे दोन कालवे कोणी काढणार नाही, काढूही नये, तो मूर्खपणा होईल. म्हणून जिथे बाजार भाव ठरवू शकत नाही तिथे पंच नेमावा लागतो. जगभर अशा धंद्यांवर नियामक बसवतात तो याच कारणासाठी. पंच नेमण्याला माझा विरोध नाही. पंच कोणता हिशोब तपासतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

पंचापुढे रस्ते दोन. पहिला म्हणजे 'खर्च अधिक'. समजा गावात मळणीयंत्र एकच आहे. पंच म्हणाले, बाबा, तुझा जो खर्च येईल तो आम्ही गावाकडून भरून देऊ. आता तो मालक डिझेल जपून का वापरेल? दोन माणसांचे काम असेल तर मेहुण्यालाही ठेवील, भाच्यालाही ठेवील. खर्च जितका फुगेल तितकी वसुली. यंत्र दिवसभर बंद राहिले तरी पगार गावाच्या माथी. वर पंचाला यंत्रातले काही कळत नाही. खर्चाची वही मालकाच्याच हातात. नियामकांच्या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. हिशोब फक्त विक्रेत्याला माहीत असतो.

दुसरा रस्ता इंग्लंडने काढला. १९८९ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने तिथली पाणी मंडळे कंपन्यांना विकली आणि ऑफवॅट नावाचा नियामक बसवला. त्याची रीत अशी : पाच वर्षांसाठी दराची कमाल मर्यादा महागाईच्या निर्देशांकाला बांधून ठरवायची. त्या मर्यादेत कंपनीने जेवढी काटकसर केली तेवढा नफा पुढच्या आढाव्यापर्यंत तिचा. म्हणजे मळणीयंत्रवाल्याला सांगायचे, पोत्याचा दर ठरला, आता डिझेल वाचवशील ते तुझे. डोके चांगले आहे. पण कंपन्यांचे डोके त्याहून चांगले निघाले. काटकसर केली ती काही ठिकाणी नळ दुरुस्त न करण्यात. कर्ज काढले आणि लाभांश वाटला. लंडनला पाणी पुरवणारी थेम्स वॉटर आज कर्जाच्या ओझ्याखाली वाकली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ऑफवॅटने पुढच्या पाच वर्षांसाठी सरासरी ३६ टक्के दरवाढ मंजूर केली, तीही महागाई सोडून. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ऑफवॅटच गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हा 'खासगी केले की सुटले' असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. मी बाजाराचा माणूस आहे, पण जिथे दुसरा विक्रेताच नाही त्याला बाजार म्हणत नाहीत.

एक गोष्ट मात्र त्या इंग्रजांकडून घेण्यासारखी आहे. तिथे सेवेचे ठरावीक निकष मोडले, पाणी ठरल्या मुदतीत पूर्ववत झाले नाही, तर कंपनीला ग्राहकाला ठरावीक रक्कम द्यावी लागते. हे लक्षात ठेवा, मी परत त्याच्यावर येणार आहे.

आपल्याकडे हिशोब तपासला की काय निघते, त्याचा दाखला विजेचा आहे. १९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला. त्याआधी वीज मंडळ सांगत असे, आमची गळती अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. बाकी वीज जाते कुठे? शेतीपंपांना! पंपांना मीटर नव्हते, म्हणून जी वीज सापडेना ती आपल्या नावावर. आयोगापुढे जाहीर सुनावणी झाली, पुण्याच्या 'प्रयास' सारख्या संस्थांनी कागद फोडले, आणि गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. चोरी दुसऱ्याची, बदनामी शेतकऱ्याची. जिथे मोजमाप नसते तिथे शेतकऱ्याचे नाव हे सगळ्यांत सोयीचे गोदाम असते.

पाण्याची गत वेगळी आहे असे समजू नका. धरणातून किती सुटले आणि शेवटच्या चारीवर किती पोचले, यातला फरक कोणाच्या खात्यावर लिहिला जातो? दर काढताना दुरुस्तीचा खर्च धरला, मग ती दुरुस्ती झाली का? मातीने भरलेली चारी आणि तुटलेली दारे दाखवायला मला तुम्हाला लांब न्यावे लागणार नाही.

प्राधिकरणाने २०११, २०१८ आणि २०२२ मध्ये दराचे आदेश काढले. कायदा म्हणतो दर तीन वर्षांनी आढावा घ्या. २०११ नंतरचा आढावा सात वर्षांनी झाला. आपला हप्ता एक महिना चुकला तर बँक काय करते ते तुम्हाला माहीत आहे. आदेशापूर्वी लोकांची मते ऐकण्याचे बंधन कायद्यात आहे. पण पहिल्या वेळी चर्चेचा मसुदा आला तो इंग्रजीत. लोकाभिमुख पाणी धोरण संघर्ष मंचासारख्या संघटनांना मराठीसाठी भांडावे लागले. त्याच २००५ च्या कायद्यात एक कलम असेही घातले की दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्या शेतकऱ्याने पाण्याला दीडपट दर द्यावा. कायदा होताना ज्यांना जास्त मुले होती त्यांना सूट दिली, पण मुळात हे कलम फक्त शेतीच्या पाण्याला. कारखानदाराला किती मुले आहेत हे कोणी विचारले नाही.

आता खरे दुखणे सांगतो. पाणीपट्टी जास्त आहे अशी बोंब मारायला मी इथे आलेलो नाही. खोटे बोलणार नाही, कालव्याच्या पाण्याची पट्टी ही आपल्या उत्पादन खर्चातली लहान बाब आहे. बियाणे, खत, मजुरी यांच्यापुढे ती काहीच नाही. दराची उतरंडही अशी आहे की उद्योगाला सगळ्यांत चढा, पिण्याच्या पाण्याला त्याखाली आणि शेतीला सगळ्यांत कमी. बाटलीबंद पाणी, शीतपेये, दारू यांना तर वेगळा आणि फार चढा दर. वाटते, वा, सरकार मायबाप! पण दुकानदाराच्या जागी बसून पाहा. त्याच्याकडे माल थोडा, खर्च पूर्ण भरून काढायचा, एक गिऱ्हाईक कित्येक पट भाव देते आणि दुसरे पैशांत मोजते. माल कोणाला जाईल? स्वस्त दर आणि हक्काचा कागद नाही, म्हणजे आपण त्या दुकानातले सगळ्यांत नकोसे गिऱ्हाईक.

हे मी तर्काने बोलत नाही. अमरावतीजवळच्या अप्पर वर्धा धरणातले ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी सोफिया औष्णिक वीज प्रकल्पाला देण्याचे ठरले. ते धरण सिंचनाचे, आणि सिंचनाचा अनुशेष अमरावती विभागाचा. शेतकरी रस्त्यावर आले, प्रकरण न्यायालयात गेले. कायद्याप्रमाणे पाणीवाटप प्राधिकरणाने ठरवायचे होते, ठरवत होती मंत्र्यांची उच्चाधिकार समिती. मग सरकारने काय करावे? २०१० मध्ये वटहुकूम काढला आणि २०११ मध्ये कायदाच दुरुस्त केला. उद्योगाला किती आणि शेतीला किती, हे ठरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे घेतला आणि मागे झालेली वाटपेही कायदेशीर करून टाकली. पंचाच्या हातात राहिला दराचा कागद, माप गेले मालकाच्या हातात.

म्हणून दरापेक्षा पाळीकडे पाहा. मी शेतकीचा पदवीधर आहे, तेव्हा एवढे तरी माझे ऐका. गव्हाला पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ते भरून निघत नाही. हरभऱ्याला फुलाच्या आणि घाटे भरण्याच्या वेळी पाणी लागते. साडेसात सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे हेक्टरी ७५० घनमीटर, साडेसात लाख लिटर. एकविसाव्या दिवशीचे साडेसात लाख लिटर आणि पस्तिसाव्या दिवशीचे साडेसात लाख लिटर, हा एकच माल नव्हे. पण पट्टी एकच. पाळी उशिरा आली म्हणून पावतीवर सूट मिळालेला माणूस या मांडवात असेल तर हात वर करावा.

यावर उपाय नाही असे नाही. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या दशकात ओझरला पाणी वापर संस्था उभ्या केल्या. खात्याकडून घनमीटर मोजून पाणी घेतले आणि आपसात वाटले. पुढे साऱ्या धरणाच्या शेतकऱ्यांचा संघ झाला. मोजून घेणाऱ्याला कमी पडले तर बोलता येते. एकराने घेणाऱ्याला तक्रारीला जागाच नसते, कारण किती येणार होते हेच त्याला माहीत नसते.

इथले बरेच जण विहिरीवाले आहेत आणि हे सगळे धरणवाल्यांचे गाऱ्हाणे आहे असे त्यांच्या मनात चालले असेल. पैनगंगा इथून जवळ मढला उगम पावते, पण तिचे पाणी येळगावला अडते आणि बुलडाण्याच्या नळाला जाते. आपल्या वाट्याला विहीर. तर विहिरीवाल्यांनो, २००९ चा भूजल कायदा जून २०१४ मध्ये अमलात आला आणि भूजलाचे प्राधिकरण म्हणून हेच जलसंपत्ती नियमन प्राधिकरण बसले आहे. टेबल तेच, खुर्ची तीच.

तेव्हा पुढच्या दर सुनावणीला जायचे ते 'दर कमी करा' म्हणायला नाही. तो अर्ज मागणाऱ्याचा असतो, घेणाऱ्याचा नसतो. प्रकल्पवार खर्च मराठीत छापून द्या, धरणात किती सुटले आणि चारीवर किती आले ते मोजून दाखवा, आणि पाळी चुकली तर तेवढी पट्टी माफच नव्हे, वर भरपाई द्या, असे मागायचे आहे. इंग्लंडच्या नळाला जे मिळते ते धाडच्या हरभऱ्याला का मिळू नये, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

त्यासाठी पुरावा लागेल. कालव्यावर, नदीवर किंवा तलावावर पाणी परवाना असलेल्या प्रत्येकाने गेल्या तीन हंगामांच्या नमुना सातच्या अर्जांच्या प्रती, पाणीपट्टीच्या पावत्या, आणि एका वहीत पेरणीची तारीख, पाळी आल्याची तारीख, किती तास पाणी चालले, हे लिहून आणावे. ज्याला लिहिता येत नसेल त्याने शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्यावे. वह्या पुढच्या बैठकीत तालुका कार्यकर्त्यांकडे जमा करायच्या आहेत.