घरच्या श्रमाचे मोल
(सेनगाव येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांचा प्रपंच शेतीवर चालतो. परंतु शेतीचा जमाखर्च किती घरांत लिहिला जातो? १८ मे १९७२ रोजी परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झाले. तेथील कृषि अर्थशास्त्र विभागाचा हाच विषय. या शास्त्रात खर्चाच्या तीन पायऱ्या मानतात. बी, खत, गड्यांची मजुरी ही पहिली. घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळविले की दुसरी. स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याज धरले की तिसरी. १९६५ साली केंद्र सरकारने कृषि मूल्य आयोग नेमला. आधारभूत किमतीची शिफारस करताना आज हा खर्च विचारात घेतला जातो.

माझे वडील पहिल्या पायरीवरच थांबत. आई दिवसभर निंदणी-वेचणी करी. तिचा एकही दिवस वहीत चढला नाही. वडिलांना जो नफा वाटे, ती वस्तुतः तिची न दिलेली मजुरी होती. त्या नफ्याच्या भरवशावर कर्ज काढले आणि दोन एकर रान गेले. पुढे शाळेत नफातोटा शिकविताना मला ही चूक उमगली.

म्हणून माझी विनंती एवढीच की, येत्या मृगापासून प्रत्येक घरी एक वही घालावी. सोयाबीन, तूर, हळद, प्रत्येक पिकास स्वतंत्र पान द्यावे. घरातील शिकत्या मुलीकडे ती लिहिण्याचे काम सोपवावे, आणि तिच्या आईचे श्रम पहिल्या ओळीत मांडावेत.