छपाईची चौकट आणि तिचे रक्षण
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात नंदुरबार येथे दिलेले भाषण)



कापड रंगविणे व छापणे हा आपल्या भावसार समाजाचा वंशपरंपरागत व्यवसाय. ती परंपरा लोपली असे कोणी म्हणतो, तेव्हा मला ते पटत नाही. नंदुरबार, शहादे, तळोदे येथे माझे कित्येक माजी विद्यार्थी आज लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापून संसार चालवितात. ठशाची जागा जाळीने घेतली, एवढाच फरक. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ साली रेशमी जाळीतून छपाई करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे रेशमाच्या जागी नायलॉन व पॉलिएस्टर आले, आणि या पद्धतीस आपण सारे स्क्रीन प्रिंटिंग म्हणू लागलो.

या धंद्यातील भांडवल म्हणजे ताणलेली जाळी बसविलेली चौकट. छपाईत झिजते त्याहून अधिक ती धुण्यात बिघडते. थिनरने शाई निघते, तसाच जाळीचा गोंदही मऊ होतो. गोंद सुटला की जाळीचा ताण जातो. ताण गेला की दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही. ऐन लग्नसराईत असे झाले, तर दिलेला शब्द मोडतो, गिऱ्हाईक दुसरीकडे जाते.

रसायनांचे स्वभाव निरनिराळे आहेत. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमची चौकट खातो व पॉलिएस्टरचा धागाही दुबळा करितो. ब्लीचिंगच्या पाण्याने नायलॉन कुजते. साध्या पाण्याने लाकडी चौकट फुगून वाकडी होते. जाळीवरील जुनी आकृती काढण्यासाठी सोडियम मेटापिरिऑडेट नावाचे द्रव्य मिळते. पॉलिएस्टरच्या जाळीस ते निर्धोक आहे. मात्र ते जाळीवर वाळू देऊ नये. वाळले तर आकृती कायमची धरून बसते.

ठसे वापरणारे जुने कारागीर नवा कोरलेला लाकडी ठसा कित्येक दिवस तेलात बुडवून ठेवीत आणि मगच रंगास लावीत. रक्षण आधी, काम नंतर, हा त्यांचा नियम होता. तोच नियम चौकटीस लावावा. लाकडी चौकटीस जाळी ताणण्यापूर्वीच सर्व बाजूंनी न विरघळणारा लेप द्यावा, आणि गोंद लावावयाची बाजू पॉलिशपेपरने खरबरीत करून घ्यावी. सुतारकामाचा साधा पांढरा गोंद येथे उपयोगाचा नाही, कारण तो पाण्यानेच मऊ पडतो. हार्डनर मिसळून लावावयाचा दोन भागांचा गोंद घ्यावा व तो पुरा एक दिवस वाळू द्यावा. नंतर गोंदाच्या पट्टीवर, आतून व बाहेरून, दोन घटकांच्या पॉलियुरेथेन लाखेचे दोन हात द्यावेत. साधे तेलाचे व्हार्निश थिनरने निघून येते. लाख पारखून घ्यावयाची असल्यास टाकाऊ लाकडावर लेप देऊन, पुरा वाळल्यावर त्यावर थिनरचा बोळा काही मिनिटे ठेवून पाहावे.

धुताना चौकट टाकीत बुडवू नये. जाळीच्या मध्यावरून कडेकडे, परंतु कडेच्या अलीकडेच थांबत, चिंधीने अथवा मऊ ब्रशाने पुसावे. छपाई संपताच शाई काढावी, म्हणजे थिनर थोडे लागते. नंतर भरपूर पाण्याने धुऊन चौकट उभी ठेवावी, म्हणजे कोपऱ्यांत द्रव साचत नाही.

आता भगिनींना उद्देशून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. लहान धंदा घरातच असतो आणि चौकट बहुधा मोरीत धुतली जाते. ब्लीचिंगच्या पाण्यात संडास धुण्याचे ॲसिड मिसळले, तर क्लोरिन हा विषारी वायू निघतो. या दोन बाटल्या एकत्र ठेवू नयेत, मुलांच्या हाती देऊ नयेत. थिनरची वाफ पेट घेते. म्हणून स्वयंपाकघरापासून दूर, खिडकी उघडून, रबरी हातमोजे घालून हे काम करावे. विडी-काडी तर जवळपासही नको. चौकट नवी घेता येते, छाती आणि डोळे नवे मिळत नाहीत.

समाजाच्या तरुणांनी नवे यंत्र अवश्य घ्यावे. परंतु हत्यार जपण्याची वाडवडिलांची शिस्त त्याबरोबर ठेवावी. जो आपली चौकट जपतो, त्याच्या हातचे काम नीटनेटके उतरते आणि त्याच्या दारी गिऱ्हाईक परत येते.