विजेची स्कूटर घेण्यापूर्वी



एक काळ असा होता की स्कूटर निवडण्याचा प्रश्नच आपल्यापुढे नव्हता. 1972 साली बजाजची ‘चेतक’ आली. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, एवढेच गिऱ्हाइकाच्या हाती असे. त्याच कंपनीने 2020 च्या जानेवारीत विजेवर चालणारी ‘चेतक’ बाजारात आणली. आज तसल्या स्कूटरी अनेक कंपन्यांच्या आहेत. वाट पाहण्याचे दुःख संपले आणि निवडण्याचे सुरू झाले!

आता तुम्ही म्हणाल, धाडच्या माणसाला याचं काय? धाड हे विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवरचे गाव. इथली मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी संभाजीनगर गाठतात, पुणे गाठतात. मग एक दिवस घरी फोन येतो, “बाबा, विजेची गाडी घ्यायची म्हणतो.” गाडी फिरणार पुण्यात, पण सुरुवातीचे पैसे बहुधा सोयाबीनच्या पट्टीतूनच जाणार. म्हणून हा विचार घरी बसूनच व्हायला हवा.

बैल बाजारातून आणण्याआधी आपण गोठा पाहतो. इथेही तेच करा. मुलाला पहिला प्रश्न रंगाचा किंवा वेगाचा विचारू नका. विचारा, “गाडी रात्री कुठे उभी राहील, आणि तिथे विजेची सोय आहे का?” खोली तिसऱ्या मजल्यावर आणि गाडी खाली गल्लीत, असे असेल तर वरून वायर सोडून चार्जिंग करणे धोक्याचे आहे. खाली जमिनीशी जोडलेला, म्हणजे अर्थिंग असलेला, जाड पिनचा प्लग हवा. त्याला घरमालकाची परवानगी हवी आणि युनिटचा दर आधी ठरलेला हवा. हे जमत नसेल तर बॅटरी काढून वर नेता येते अशी गाडी पाहावी. मात्र अशी एक बॅटरी सुमारे दहा किलोची असते, काही गाड्यांत दोन असतात. रोज जिना चढायचा आहे, हे ध्यानात ठेवा.

दुसरा प्रश्न अंतराचा. जाहिरातीत लिहिलेले किलोमीटर हे चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतले असतात. मागे माणूस बसला, कात्रजचा चढ लागला, वेग वाढला की ते कमी होतात. बॅटरी जुनी होत जाते तसे आणखी कमी होतात. म्हणून रोजच्या अंतराच्या निदान दीडपट अंतर गाडीने प्रत्यक्षात तोडले पाहिजे.

आता थोडे गणित करू. गुरुजींनी ते वर्गात फळ्यावर जरूर घालावे. रोजचे 40 किलोमीटर धरले तर 25 दिवसांचे 1,000 किलोमीटर झाले. पेट्रोलची स्कूटर लिटरला 45 किलोमीटर देते असे धरा. म्हणजे 22 लिटर लागले. शंभराच्या भावाने 2,200 रुपये. विजेच्या गाडीला तेवढ्याच अंतराला साधारण 45 युनिट धरू. युनिटला 10 रुपये पडले तरी 450 रुपये. महिन्याला 1,750 रुपये वाचले! विजेची गाडी 20,000 रुपयांनी महाग असली तरी वर्षभरात फरक भरून निघतो. पण रोजचे अंतर 10 किलोमीटरच असेल, तर त्याच फरकाला जवळजवळ चार वर्षे लागतील. तेव्हा दुसऱ्याचे पाहून गाडी घेऊ नये.

तिसरी गोष्ट बॅटरीची. या गाडीतला सर्वांत महागाचा भाग तोच. हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची, आणि बॅटरीची ताकद किती उतरली म्हणजे ती बदलून मिळेल, हे कागदावर वाचावे. 2022 च्या मार्चमध्ये पुण्यात एका उभ्या विजेच्या स्कूटरने पेट घेतला. देशात इतरत्रही असे प्रकार घडले. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. ते नियम डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून कोणी जुनी गाडी स्वस्तात देऊ लागला, तर ती कोणत्या महिन्यात बनली ते आधी पाहा.

काही छोट्या गाड्यांना लायसन लागत नाही, नोंदणीही लागत नाही. त्यांची मोटर 250 वॉटपर्यंतची आणि वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंतचाच असावा लागतो. जवळच्या कॉलेजला त्या ठीक. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये. “वेग वाढवून देतो,” असे कोणी म्हणाला तर सरळ नाही म्हणावे. तसे केल्यास ती गाडी सवलतीत बसत नाही. आणि गाडी लहान असो वा मोठी, डोक्यावर हेल्मेट हवेच.

शेवटी एवढेच. दिवाळीला या गाडीवरून पुण्याहून धाडला यायचे मनात आणू नका. त्याला आपली एसटीच बरी. शहरातल्या रोजच्या कामाला मात्र ही गाडी गुणाची आहे. आधी प्लग, मग अंतर, मग बॅटरीची हमी, आणि सर्वांत शेवटी रंग! या क्रमाने पाहिले तर घरच्या पैशाचे चीज होईल.