दोन्ही हातांचा गोलंदाज

क्रिकेटच्या मैदानावर एखाद्या गोलंदाजाने हातातील चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावा, पंचांस तसे सांगावे आणि मग दुसऱ्याच हाताने गोलंदाजी सुरू करावी, हे दृश्य बहुतेक श्रोत्यांनी पाहिले नसेल. उजव्या हाताचे गोलंदाज असतात, डाव्या हाताचेही असतात. परंतु दोन्ही हात ज्याला सारखेच वश आहेत असा खेळाडू विरळा. यवतमाळ जिल्ह्यातून पुढे आलेला अक्षय कर्णेवार हा अशा विरळांपैकी एक होय.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. तेथील मुलाला क्रिकेटमध्ये काही व्हावयाचे असेल तर त्याने अखेर नागपूरची वाट धरावी लागते, कारण विदर्भाचा संघ निवडला जातो तो तेथे. १९५७-५८ पासून विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजी स्पर्धेत उतरत आला. पण सहा दशके त्याच्या वाट्याला अजिंक्यपद आले नाही. मुंबईच्या मुलाकडे निवडसमितीची नजर सहज जाते. विदर्भाच्या मुलाला ती आपल्याकडे ओढून घ्यावी लागते, आणि विदर्भातही जो नागपूरचा नव्हे, त्याला ती दोनदा ओढून घ्यावी लागते.

अक्षय लहानपणी उजव्या हाताने ऑफस्पिन टाकीत असे. मात्र क्षेत्ररक्षण करताना चेंडू परत फेकायचा तो डाव्या हाताने, आणि फलंदाजीही डावरीच. प्रशिक्षक बाळू नवघरे यांनी हे हेरले आणि डाव्या हाताने गोलंदाजी करून पाहा, असे त्याला सुचविले. सूचना दोन वाक्यांची. परंतु तिच्यामागे किती कष्ट उभे राहतात याचा विचार करावा. चेंडूवरील बोटांची पकड, धाव घेण्याची बाजू, पुढे टाकावयाचा पाय, खांद्याचे वळण, यांतील काहीही जसेच्या तसे दुसऱ्या बाजूस नेता येत नाही. एक विद्या साधलेली असताना तीच पुन्हा मुळाक्षरांपासून गिरवावी, तशातला हा प्रकार. अक्षयने ती गिरवली.

या विद्येचा उपयोग काय, असे कोणी विचारील. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर वळतो, आणि उजव्या हाताच्या ऑफस्पिनरचा चेंडू डावऱ्या फलंदाजापासून दूर वळतो. दूर जाणारा चेंडू खेळण्यास अवघड. ज्याच्यापाशी दोन्ही हात आहेत तो प्रत्येक फलंदाजास त्याच्या अडचणीचा चेंडू टाकू शकतो. मात्र नियम असा की, हात बदलावयाचा तर पंचांस आधी कळवावे लागते. न कळविता बदलला तर तो ‘नो बॉल’ ठरतो. गंमत अशी की, फलंदाजाला मात्र चेंडू येता येता डाव्याचा उजवा होण्यास कोणाची परवानगी लागत नाही! १९५८ साली किंग्स्टन येथे गॅरी सोबर्स ३६५ धावांच्या जागतिक विक्रमास पोहोचला, तेव्हा पाकिस्तानच्या हनीफ महंमदने त्याला अशीच पंचांची अनुज्ञा घेऊन डाव्या हाताने गोलंदाजी केली होती. पण तो थकलेल्या संघाचा विनोद होता. अक्षयचा तो व्यवसाय होता.

६ फेब्रुवारी २०१६ रोजी इंडियन प्रीमियर लीग या धंदेवाईक स्पर्धेचा लिलाव झाला. त्यात बंगळूरच्या संघाने या नवख्या खेळाडूस १० लाख रुपयांस घेतले. त्याच दिवशी तेवढ्याच रकमेला मुंबईच्या संघाने अमरावतीच्या जितेश शर्मा या यष्टिरक्षकास घेतले. यवतमाळ आणि अमरावती हे शेजारशेजारचे जिल्हे. दोघेही विदर्भाचे, दोघांच्या नावावर सारखाच आकडा. त्या हंगामात दोघांपैकी एकालाही एकसुद्धा सामना खेळावयास मिळाला नाही. संघाच्या यादीत नाव असणे आणि मैदानावर उतरणाऱ्या अकरांत नाव असणे यांतील अंतर नागपूर-यवतमाळ अंतराहून पुष्कळ अधिक असते.

सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नई येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध मंडळ अध्यक्षांच्या संघातून अक्षय खेळला आणि दोन्ही हातांनी गोलंदाजी केली. वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली खरी, पण ती बरीचशी नवलाईची. येथेच या कौशल्याची अडचण दिसते. प्रेक्षक दोन हात पाहून चकित होतो. निवड करणारा मात्र विचारतो की, या दोहोंपैकी एक तरी हात देशात पहिला आहे काय? दुर्दैव असे की, खुद्द विदर्भाच्या संघात त्या काळी आदित्य सरवटे हा डावखुरा फिरकीपटू होता आणि अक्षय वखरे हा ऑफस्पिनर होता. म्हणजे कर्णेवारच्या एकेका हातासमोर त्या त्या हाताचा एकेक निष्णात प्रतिस्पर्धी घरातच उभा! विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीचा पराभव करून पहिले रणजी विजेतेपद मिळविले, त्या अंतिम सामन्यात सरवटे होता, वखरे होता, कर्णेवार नव्हता.

पुढल्या वर्षी तो होता. ३ फेब्रुवारी २०१९ रोजी नागपूरजवळील जामठा मैदानावर सौराष्ट्राशी अंतिम सामना सुरू झाला. पहिल्या दिवसाअखेर विदर्भाची धावसंख्या सात बाद २००. आठव्या क्रमांकाचा कर्णेवार खेळपट्टीवर होता. दुसऱ्या दिवशी तळाच्या फलंदाजांना सोबत घेऊन त्याने डाव ३१२ पर्यंत ओढीत नेला आणि स्वतः ७३ धावांवर नाबाद राहिला. सौराष्ट्राच्या शेवटच्या जोडीने अशी झुंज दिली की, अंतर मिटते की काय असे वाटू लागले. अखेर तो डाव ३०७ धावांत संपला. आघाडी पाच धावांची! विदर्भाने सामना ७८ धावांनी जिंकला. विजयाचा मान सरवटेकडे गेला आणि तो योग्यच होता, कारण त्याने ११ बळी घेतले आणि पुजारासारख्या फलंदाजास दोन डावांत मिळून एकच धाव करू दिली. परंतु त्या पाच धावांचा हिशेब मांडताना यवतमाळच्या खेळाडूचे नाव वगळता येत नाही. काही दिवसांनी इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताविरुद्ध त्याने १०२ धावा काढल्या. दोन हातांमुळे ओळखला जाणारा खेळाडू नावारूपाला आला तो बॅट हाती घेऊन.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी मंगळगिरी येथे सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत विदर्भाची गाठ मणिपूरशी पडली. वीस षटकांच्या या खेळात गोलंदाजास चारच षटके मिळतात आणि फलंदाज प्रत्येक चेंडूवर तुटून पडावयास निघालेला असतो. कर्णेवारने चार षटके टाकली. चोवीस चेंडू, दोन बळी, धाव एकही नाही. पुरुषांच्या वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये असे पूर्वी कधी घडले नव्हते. मणिपूरचा संघ नवशिका होता हे खरे. तरी चोवीस चेंडूंत एकही सैल पडू न देणे हे काम समोरच्याच्या दुबळेपणावर भागत नाही. दुसऱ्याच दिवशी सिक्कीमविरुद्ध त्याने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. सहा दिवसांनी कॅनडाच्या साद बिन झफर याने पनामाविरुद्ध एकही धाव न देता चार षटके टाकली; २०२४ च्या विश्वचषकात न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसननेही ते साधले. पहिला मात्र कर्णेवारच.

मणिपूरविरुद्धच्या त्याच सामन्यात जितेश शर्माने ७१ धावा फटकावल्या होत्या. तीन महिन्यांनी झालेल्या लिलावात पंजाबने त्यास २० लाखांस घेतले, खेळविलेही. २०२३ मध्ये तो भारताकडून खेळला आणि २०२४ च्या लिलावात बंगळूरने त्याच्यासाठी ११ कोटी रुपये मोजले. ३ जून २०२५ रोजी अहमदाबादेस बंगळूरने आपले पहिले विजेतेपद मिळविले, तेव्हा यष्टींमागे जितेश उभा होता. नऊ वर्षांपूर्वी त्याच संघाच्या यादीत ज्याचे नाव होते त्या कर्णेवारला, स्पर्धेचे अठरा हंगाम होऊन गेले तरी, त्या मैदानावर एकही चेंडू टाकावयास मिळालेला नव्हता. ना उजव्या हाताने, ना डाव्या.