सहा पेन्सचा गुन्हा
(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



१७९२ साली लंडनच्या कोर्टात थॉमस पेन नावाच्या माणसावर राजद्रोहाचा खटला चालला. पुस्तक होतं ‘राइट्स ऑफ मॅन’. पहिला भाग आदल्या वर्षी निघाला, किंमत तीन शिलिंग. सरकार गप्प बसलं. मग दुसरा भाग आला आणि मागोमाग सहा पेन्सच्या आवृत्त्या. विणकर, जोडे शिवणारे, खाणीत राबणारे वाचायला लागले. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याला गुत्त्यावर दुसऱ्याने वाचून दाखवलं. सरकारचं टाळकं फिरलं. सरकारी वकील कोर्टात काय म्हणाला? पहिला भाग जाणत्या वाचकांपुरता राहील असं वाटलं म्हणून सोडला, हा मात्र वाट्टेल त्याच्या हातात कोंबला जातोय. पोरांच्या मिठाईच्या पुड्यासुद्धा याच्याच कागदात बांधतायत! म्हणजे विचार महागडा असेपर्यंत चालतो. स्वस्त झाला की गुन्हा.

हा पेन कुणी पंडित नव्हता. १७३७ साली इंग्लंडात थेटफर्डला जन्मला. बाप बायकांच्या कॉर्सेट शिवायचा, तेरा वर्षांच्या पोरालाही त्याच धंद्याला लावलं. पुढे अबकारी खात्यात चिकटला, तिथल्या नोकरांच्या पगारवाढीसाठी पत्रक लिहिलं, नोकरी गेली. सदतिसाव्या वर्षी अमेरिकेला पोचला.

जानेवारी १७७६ मध्ये त्याचं ‘कॉमन सेन्स’ निघालं. तोवर तिथले बरेच पुढारी राजाकडे सवलती मागत होते. पेनने विचारलं, राजा हवाच कशाला? राजघराण्याचा मूळपुरुष म्हणजे हत्यारबंद टोळी घेऊन आलेला लुटारू, असं छापलं. सुताराला कळेल अशा भाषेत. आपल्या वाट्याचा नफा सैनिकांच्या हातमोज्यांना दिला. पण हेही ऐका : पेन गुलामगिरीच्या विरोधात होता, तरी त्या क्रांतीने काळ्या माणसाची बेडी तोडली नाही. त्यासाठी १८६५ उजाडावं लागलं. मळेवाल्यांना स्वातंत्र्य फक्त स्वतःपुरतं हवं होतं. ही जात आपल्या ओळखीची आहे.

फ्रान्सने त्याला राष्ट्रीय सभेत निवडून दिलं. तिथेही हा गडी राजाला फाशी देऊ नका म्हणून उभा राहिला. राजेशाही संपवा, माणूस मारू नका. डिसेंबर १७९३ पासून दहा महिने तुरुंगात सडला, गिलोटीन थोडक्यात हुकलं.

१७९७ साली ‘ॲग्रेरियन जस्टिस’मध्ये हिशेबच मांडला. जमीन मुळात सगळ्यांची. ज्यांनी ती बळकावली त्यांच्या वारशातून कापा. एकवीस वर्षं झालेल्या प्रत्येकाला पंधरा पौंड, पन्नाशीनंतर दरसाल दहा. दान नाही, हक्क म्हणून.

धर्मग्रंथांची चिकित्सा केली म्हणून भल्याभल्यांनी पाठ फिरवली. १८०९ साली न्यूयॉर्कमध्ये मेला तेव्हा मातीला मोजकी पाच-सहा माणसं. क्वेकरांनी आपल्या दफनभूमीत जागा नाकारली. जागा नाकारणं म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको.

पुण्यात १८४७ च्या सुमारास विशीतल्या जोतीराव फुल्यांनी ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं. १८७३ साली ‘गुलामगिरी’ आलं, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केलेलं. त्याला साहेबासाठी इंग्रजी प्रस्तावना आहे. आतला मजकूर मात्र धोंडिबा आणि जोतीराव यांच्या सवाल-जवाबात, आपल्या बोलीत.

चला, आता तुमचे सवाल येऊ द्यात.