दरकोष्टक यंत्राचे, जबाबदारी माणसाची

(तंत्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

दूरध्वनीच्या देयकाच्या तळाशी छापलेला आकडा आपण सारेच पाहतो. तो आकडा कोणत्या वाटेने तिथवर आला, हे मात्र फार थोडे लोक पाहतात. त्या वाटेच्या मध्यावर एक साधे कोष्टक असते. कोणत्या क्रमांकाशी बोलल्यास मिनिटाला किंवा सेकंदाला किती पैसे आकारावयाचे, एवढेच त्यात लिहिलेले असते. यालाच दरकोष्टक म्हणतात. पूर्वी ते माणसे बसून तयार करीत. आता पुष्कळ ठिकाणी संगणकाची आज्ञावली ते आपोआप तयार करते. हे काम तिच्यावर कसे सोपवावे आणि सोपविताना कोणती दक्षता घ्यावी, यासंबंधी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

ट्रंक कॉलपासून संगणकापर्यंत

ट्रंक कॉलचा काळ आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. कॉल नोंदवावयाचा, जोडणी मिळेपर्यंत ताटकळत बसावयाचे, आणि ऑपरेटरने चिठ्ठीवर टिपलेल्या मिनिटांचे पैसे अंतराप्रमाणे भरावयाचे, अशी ती रीत होती. 26 नोव्हेंबर 1960 रोजी लखनौ आणि कानपूर या शहरांदरम्यान ग्राहकाने स्वतः क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय देशात प्रथम सुरू झाली. तेव्हापासून चिठ्ठीची जागा मीटरने घेतली. गाव जितके दूर, तितके मीटर अधिक जलद पुढे सरके. रात्री उशिरा दर उतरत, आणि म्हणून एसटीडी बूथसमोर रात्री रांगा लागत, हेही अनेकांच्या स्मरणात असेल.

त्या काळी दरकोष्टक यंत्रातच बसविलेले असे. अंतराचे मोजके टप्पे आणि त्या टप्प्यांचे मोजके दर, एवढाच त्याचा विस्तार. परंतु त्यात एक मोठी उणीव होती. मीटर केवळ बेरीज दाखवी. कोणत्या कॉलला किती पैसे पडले, हे ग्राहकाला समजण्यास मार्ग नसे. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली आणि प्रत्येक कॉलची स्वतंत्र नोंद होऊ लागली. कोणी, कोणाला, केव्हा आणि किती वेळ, हे सारे त्या नोंदीत येते. त्या नोंदीला दर लावण्याचे काम मग एक्स्चेंजकडून आकारणीच्या आज्ञावलीकडे गेले.

याच सुमारास दरांची संख्याही वाढू लागली. 1997 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. 2006 मध्ये देशभर एका रुपयात एक मिनिट बोलण्याची योजना आली, तर 2009 मध्ये सेकंदाच्या हिशेबाने आकारणी लोकप्रिय झाली. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकापर्यंत कॉल पोहोचविण्याबद्दल द्यावयाचा मोबदला 2009 मध्ये मिनिटाला 20 पैसे, 2015 मध्ये 14 पैसे, 2017 मध्ये 6 पैसे आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य, असा उतरत गेला. असा प्रत्येक बदल ठरलेल्या मध्यरात्री, एकाच क्षणी, कोष्टकाच्या असंख्य ओळींमध्ये उतरावा लागतो. हे काम हाताने बिनचूक होणे कठीण. म्हणून यंत्राचे साहाय्य घ्यावे लागले.

सर्वांत लांब जुळणीचा नियम

दर शोधताना संगणक क्रमांकाच्या आरंभीचे आकडे पाहतो. आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. 0831 हा बेळगावचा संकेतांक, आणि 0832 हा गोव्याचा. पहिले तीन आकडे सारखेच आहेत; चौथा आकडा बदलला की राज्य बदलते. म्हणून नियम असा की, कोष्टकातील ज्या ओळीशी अधिकात अधिक आकडे जुळतील, त्या ओळीचा दर लावावा.

परदेशी कॉलच्या बाबतीत हा नियम फारच महत्त्वाचा ठरतो. 1 हा अमेरिकेचा संकेतांक आहे. पण 1876 ने सुरू होणारा क्रमांक जमैकाचा असतो. 44 हा ब्रिटनचा. पण 447624 ने आरंभ होणारे मोबाइल क्रमांक आइल ऑफ मॅनचे असतात. समजा, अमेरिकेचा खरेदी दर मिनिटाला 80 पैसे आणि जमैकाचा 15 रुपये आहे. कोष्टकात 1876 ची ओळ राहून गेली, तर जमैकाचा कॉल अमेरिकेच्या ओळीशी जुळेल आणि एका रुपयाला विकला जाईल. प्रत्येक मिनिटामागे 14 रुपयांचा तोटा. हजार मिनिटांत 14,000 रुपये. कोणतेही यंत्र बिघडलेले नाही, कोठेही धोक्याची सूचना नाही; केवळ एक ओळ नाही.

कोष्टक आपोआप कसे तयार होते

आता मूळ प्रक्रियेकडे वळू. परदेशी कॉल नेणारी कंपनी अनेक पुरवठादारांकडून दरपत्रके घेते. प्रत्येकाचे दरपत्रक निराळे. कोणी एका ओळीत एकच संकेतांक लिहितो, कोणी स्वल्पविराम देऊन दहा लिहितो. चलन वेगळे, तारखेची पद्धत वेगळी. म्हणून पहिली पायरी म्हणजे या साऱ्यांना एका साच्यात आणणे.

दुसरी पायरी संकेतांकांच्या मिलाफाची. एका पुरवठादाराने फक्त 44 दिला असेल आणि दुसऱ्याने 44 व 447 असे दोन्ही दिले असतील, तर 447 साठी तुलना करताना पहिल्याचा 44 चाच दर त्याच्या नावे धरावा लागतो. हे न केल्यास तुलना एकांगी होते.

तिसरी पायरी निवडीची. सर्वांत स्वस्त दर पायाभूत धरावा, असे नवशिक्याला वाटते. पण स्वस्त पुरवठादाराचा मार्ग भरून गेला म्हणजे कॉल दुसऱ्याकडे वळतात आणि खर्च वाढतो. म्हणून जाणती माणसे पुष्कळदा दुसऱ्या क्रमांकाचा दर पाया म्हणून घेतात. त्यावर नफ्याची टक्केवारी आणि किमान रक्कम अशा दोन्ही गोष्टी नेमून द्याव्यात. कारण अल्प दरावर केवळ टक्केवारी लावली, तर हाती काहीच उरत नाही.

चौथी पायरी तारखेची. दरवाढीची पूर्वसूचना काही दिवस आधी द्यावी लागते, दरकपात मात्र लगेच लागू होऊ शकते. हा भेद आज्ञावलीला स्पष्ट सांगावा. मध्यरात्र कोणाची, हेही लिहावे. जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. एवढ्या एका गफलतीने साडेपाच तासांचे सर्व कॉल चुकीच्या दराने मोजले जातात. आणि जुनी ओळ कधीही पुसू नये. तिला समाप्तीची तारीख द्यावी. तीन महिन्यांनी तक्रार आली तर त्या दिवशीचा दर दाखविता आला पाहिजे.

शून्य आणि रिकामी जागा

दोन बारीक, पण घातक गोष्टींकडे लक्ष वेधतो. पहिली अशी की, शून्य आणि रिकामी जागा एक नव्हेत. शून्य म्हणजे सेवा विनामूल्य. रिकामी जागा म्हणजे दर ठाऊक नाही. पुरवठादाराची फाईल अर्धवट आली आणि आज्ञावलीने रिकाम्या जागेला शून्य मानले, तर सकाळपर्यंत महागडे कॉल फुकट जातील. दर नसेल तेथे काम थांबावे आणि माणसाला कळावे, हीच आज्ञा हवी.

दुसरी गोष्ट अपूर्णांकाची. मिनिटाला 50 पैसे या दराचे सेकंदात रूपांतर केले, तर तो 0.8333 पैसे येतो. आज्ञावलीने तो पूर्ण पैशात करून 1 पैसा धरला, तर मिनिटाचे 60 पैसे झाले. महिन्याला 300 मिनिटे बोलणाऱ्याचे 150 रुपयांऐवजी 180 रुपये होतील. एका घराला 30 रुपये. लाख घरांना 30 लाख रुपये. यात कोणाचीही लबाडी नाही, तरीही लोकांच्या खिशातून पैसा गेलाच. म्हणून दर पुरेशा दशांश स्थळांपर्यंत जपावा आणि पूर्णांकात आणणे ते अंतिम रकमेपुरतेच ठेवावे.

या दोन्हींवर उपाय साधा आहे. एखादा दर ठरावीक मर्यादेपलीकडे वर वा खाली गेला, तर कोष्टक आपोआप लागू होऊ नये, अशी व्यवस्था ठेवावी. आणि नवे कोष्टक लागू करण्यापूर्वी कालच्या कॉलच्या नोंदी त्यावरून एकदा मोजून पाहाव्यात. जुनी बेरीज आणि नवी बेरीज शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे जी चूक हजार ओळींत दिसत नाही, ती दोन आकड्यांत दिसते.

ग्राहकाचा हक्क

कोणी म्हणेल, आता तर महिनाभराचे पैसे एकदम भरून हवे तितके बोलता येते. मग या कोष्टकांचे महत्त्व ते काय उरले? देशातल्या देशात ते काही अंशी खरे आहे. पण आखातात मजुरीला गेलेल्या मुलाशी बोलणारी आई, परदेशी प्रवासात आपलाच मोबाइल वापरणारा प्रवासी, यांचे कॉल आजही दरकोष्टकातूनच जातात. मोजणी व आकारणी यांच्या अचूकतेबद्दल नियामक प्राधिकरणाने 2006 मध्ये विनियम केले आणि कंपन्यांच्या देयक पद्धतीच्या लेखापरीक्षणाची तरतूद केली, ती ग्राहकाचा हा विश्वास सांभाळण्यासाठीच.

मित्रहो, आपल्यापैकी काहीजण उद्या अशा आज्ञावलीसमोर बसतील. टक्केवारी, तारीख, दशांश स्थळे असे रकाने त्यांना पडद्यावर भरावे लागतील. ते भरताना एवढेच स्मरणात ठेवावे की, दरकोष्टकातील प्रत्येक ओळ म्हणजे ग्राहकाला दिलेले एक वचन आहे. ती ओळ कोठून आली, कोणत्या दिवसापासून लागू झाली आणि कोणी पाहून संमत केली, या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही दिवशी देता आली पाहिजेत. यंत्र लक्षावधी ओळी क्षणात लिहील. पण ग्राहक हातात देयक घेऊन दाराशी आला, तर त्याला उत्तर यंत्र देणार नाही, ते आपल्यालाच द्यावे लागेल.