नांव आणि आज्ञा

दारावर नांवाची पाटी चुकीची असली, तर पोस्टमनाची फार तर एक खेप फुकट जाते. पण संगणकाच्या नांवाचा घोटाळा झाला, तर पुष्कळांची माहिती क्षणांत नाहींशी होऊं शकते. आज त्याच विषयासंबंधीं दोन शब्द सांगावयाचे आहेत.

लिनस टोरव्हाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं सुरू केलेल्या लिनक्स प्रणालीवर आज जगांतील असंख्य सर्व्हर चालतात. त्यांचा व्यवस्थापक दूर बसून एकाच पडद्यावर चार-पांच यंत्रांच्या चौकटी उघडतो. चौकटी दिसावयास सारख्याच. अमुक चौकट अमक्या यंत्राची, हें ओळखण्याची खूण एकच: ओळीच्या आरंभीं दिसणारें यंत्राचें नांव.

हें नांव बहुधा दोन ठिकाणीं नोंदलेलें असतें. 'होस्टनेम' ह्या फायलींत यंत्राचें स्वतःचें नांव, आणि 'होस्ट्स' ह्या फायलींत कोणत्या नांवाचा कोणता पत्ता, ही माहिती. एकींत नांव बदलून दुसरींत जुनेंच राहूं दिलें, तर ह्या नांवाचा पत्ता लागत नाहीं, अशी तक्रार 'सुडो' आज्ञा करूं लागते. काम बहुधा अडत नाहीं. म्हणूनच तक्रारीकडे दुर्लक्ष होतें.

'होस्टनेम' नांवाची आज्ञाहि आहे. ती नुसती दिली तर यंत्र आपलें नांव सांगतें. पण पूर्ण अधिकारानें तिच्यापुढें एखादा शब्द लिहिला, तर तोच शब्द यंत्राचें नांव होऊन बसतो. लिनक्सवर तिला 'वजा एफ' जोडलें कीं पूर्ण नांव कळतें. सोलारिस ह्या दुसऱ्या प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांवर मात्र त्याच अक्षरांनीं यंत्राचें नांवच 'वजा एफ' होत असे. विचारणें आणि फर्मावणें ह्यांत अंतर तें इतकेंच!

३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब ह्या संस्थेंत काय घडलें पाहा. मूळ माहिती 'डीबी-एक' यंत्रावर व तिची नक्कल 'डीबी-दोन'वर होती. नक्कल मागें पडली, म्हणून दुसऱ्या यंत्रावरील जागा रिकामी करावयाची होती. आज्ञा दिली गेली ती पहिल्यावर. एक-दोन सेकंदांतच चूक ध्यानांत आली. तोंवर सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचारच उरले होते. नित्याची राखीव प्रत घेणारें काम फसत होतें, आणि तशी सूचना देणारीं पत्रें पोंचतच नव्हतीं. सहा तासांपूर्वीं एकानें दुसऱ्याच कामासाठीं घेतलेली प्रत उपयोगीं पडली. मधल्या तासांतील माहिती कायमची गेली.

ह्यांत दोष थकलेल्या माणसाचा, असें म्हणणें सोपें आहे. पण दोन नांवांत एका आंकड्याचेंच अंतर असेल, तर दोष नांवें ठेवण्याच्या रीतीकडेहि जातो. संस्थेनें सारी हकीकत जाहीर केली, आणि चौकटींतील नांवें अधिक ठळकपणें वेगळीं दाखविण्याचें काम उपायांत घातलें.

डेबियन लिनक्सवर 'मॉली-गार्ड' नांवाची एक सोय मिळते. दुरून यंत्र बंद करूं जातां ती विचारते, "ह्या यंत्राचें नांव काय?" नांव चुकलें तर यंत्र बंद होत नाहीं. मॉली ही एका प्रोग्रॅमरची लहानगी मुलगी. तिनें आयबीएम ४३४१ ह्या यंत्राचा लाल खटका एका दिवसांत दोनदां दाबला, म्हणून त्यावर पारदर्शक झांकण बसविलें गेलें, अशी कथा आहे.

आज्ञा देणाऱ्याला क्षणभर थांबवून, आपण कोणाशीं बोलत आहोंत हें विचारावयास लावणारी ही योजना लहान खरी. परंतु झालेली हानि भरून काढण्यापेक्षां ती फार स्वस्त पडते.